साठ-चाळीस

२९ मार्च २०२५, शनिवार. फाल्गुनातली अमावास्या, दुसऱ्या दिवशी पाडवा. संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवाळ्याच्या जेट्टीवर पाणी पार उतरलं होतं. होड्या चिखलात एका कुशीवर कलंडल्या होत्या, मधल्या गाळावर निवट्या सरपटत होत्या, पलीकडे उलव्याच्या इमारतींवर ऊन कलत होतं. मामा पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरून फाटलेली जागा सांधत बसला होता. मी कचेरीतून तशीच आले होते. बेलापूरच्या आमच्या विम्याच्या कचेरीपासून कोळीवाडा पायी पंधरा मिनिटांवर, त्यामुळे आजोळ मला कधी लांब पडलंच नाही.

साडेसातला बंगळुरूत इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल या फुटबॉल स्पर्धेच्या बाद फेरीचा सामना होता. बंगळुरू एफसी विरुद्ध मुंबई सिटी. साखळीत बंगळुरू तिसरी, मुंबई सहावी. एकच सामना, तोही वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर. जिंकेल तो उपांत्य फेरीत, हरेल त्याचा हंगाम तिथेच संपला.

"मामा, आज काय होणार?"

"काय होणार म्हणजे? मुंबई."

"किती?"

"दोन-एक. पण ते तुला आकडा हवा म्हणून. मला विचारशील तर मुंबई, बस्स."

"माझ्या हिशेबाने बंगळुरू साठ, मुंबई चाळीस."

त्याच्या हातातली सुई थांबली. हा वाद आमच्यात जुना आहे. २०१४ साली मुंबई सिटीचं घरचं मैदान नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम होतं, दिवाळ्याहून हाकेच्या अंतरावर. १८ ऑक्टोबरला तिथे मुंबईने पुण्याला ५-० हरवलं आणि आंद्रे मोरित्झने आयएसएलमधली पहिली हॅटट्रिक केली, त्या रात्री मामा मला घेऊन गेला होता. तेव्हापासून दर हंगामात बाद फेरी आली की तो नाव सांगतो आणि मी टक्के.

"साठ-चाळीस हे भाकीत झालं का बाय?" तो म्हणाला. "बंगळुरू जिंकली की बोलशील, साठ होते. मुंबई जिंकली की बोलशील, चाळीस होते की. दोन होड्यांवर पाय. मी चुकलो तर गावभर चुकतो. तू कधी चुकणार?"

"चुकेन ना. मी ज्या ज्या वेळी साठ म्हटलं ते सगळे सामने एकत्र मांड. त्यातले शंभरातले साठेक माझ्या बाजूने लागले तर माझं साठ खरं. चाळीसच लागले तर मी चुकले. आणि मामा, ऐंशी लागले तरी मी चुकलेच. मग मी ऐंशी म्हणायला हवं होतं."

"शंभर सामने कोण थांबतोय? आज एकच आहे."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही पूर्ण उत्तर नाही. विम्याच्या धंद्यात कोणाची होडी बुडेल ते आम्हाला कळत नाही, हजार होड्यांमागे साधारण किती ते कळतं. तेवढ्यावर हप्ते ठरतात, कचेरी चालते. पण ज्याची बुडते त्याच्या घरी जाऊन हजारातला एक असं सांगता येत नाही. फुटबॉलवेड्या माणसाच्या संघाची बाद फेरी ही अशी त्याची एकुलती होडी असते.

"सांगायचं तर भरती सांगतात तसं सांगावं," मामा म्हणाला. "आज अमावास्या, पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. आपल्या खाडीत आत यायला पाण्याला थोडा वेळ जास्त लागतो, तो धर. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. माझ्या आज्याने सांगितलेलं, आजपर्यंत पाण्याने खोटं पाडलं नाही."

"आणि त्या भरतीला जाळ्यात काय येणार तेही सांगतोस?"

"ते कोण सांगेल? पण जाळं कुठे लावायचं ते सांगता येतं. उधाणाला एका जागी, भांगाला दुसऱ्या. वारा कुठला, पाणी गढूळ किती, ते बघून."

"आणि तिथे लावूनही रिकामं येतं."

"येतं की. म्हणून काय जागा चुकली?"

"माझे साठ टक्के म्हणजे तेच, मामा. जागा."

तो हसला नाही. सुई पुन्हा चालू झाली, म्हणजे मुद्दा पोचला होता.

फुटबॉलचं भाकीत इतकं निसरडं का, हे मी त्याला कबड्डीवरून सांगितलं. कबड्डीत दोन्ही संघ मिळून साठ-सत्तर गुण सहज होतात. एखादी चढाई फसली, एखादी पकड सुटली तरी चांगल्या संघाला भरून काढायला पुढच्या तीस चढाया असतात. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत मिळून अडीच-तीन गोल. चांगल्या संघाला आपला चांगुलपणा दाखवायला दोन-तीनच क्षण मिळतात, आणि त्यातला एक खांबाला लागून परत येतो.

"आजचंच घे," मी म्हटलं. "मी धरलं की असा सामना पुन:पुन्हा झाला तर घरच्या मैदानावर बंगळुरू सरासरी १.६ गोल करील आणि मुंबई १. फरक तसा मोठा आहे. त्यावरून हिशेब मांडला तर शंभरात एकावन्न वेळा बंगळुरू जिंकते, चोवीस वेळा मुंबई, आणि पंचवीस वेळा बरोबरी. ती बरोबरी जादा वेळेत आणि पेनल्टीत जाणार, तिथे अर्धे-अर्धे धर. बंगळुरू त्रेसष्ट-चौसष्ट. मी साठवर आणले, कारण अठरा दिवसांपूर्वी, ११ मार्चला, मुंबईने त्याच मैदानावर त्यांना २-० हरवलंय."

"बघ! तेच तर मी बोलतो. त्याच कांतीरवात हरवलं, तेही पॉइंट हवा होता तेव्हा. मग आज का नाही?"

"एका सामन्यावरून मी तीन-चार टक्के हलवले. त्याहून जास्त हलवायला तो पुरत नाही."

"पोरं तीच, मैदान तेच, आणि तीन टक्के!" मामाने जाळं खाली ठेवलं. "तू कधी हरलेल्या संघाबरोबर टेंपोतून घरी आलीयेस? मी आलोय. भात कापून झालं की खाचरात आमच्या स्पर्धा व्हायच्या. ज्या संघाने आठवड्यापूर्वी घरात घुसून मारलं त्याच्यापुढे पुन्हा उभं राहायचं, तेव्हा पाय जड होतात. हे तुझ्या वहीत कुठे येतं?"

"पाय जड होतात, किंवा राग चढतो. दोन्ही होतं ना?"

तो गप्प राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "होतं. रागही चढतो."

इथे वाचकांसाठी थोडा मागचा हिशेब सांगायला हवा, कारण आयएसएलची बाद फेरी ही भाकितं करणाऱ्याला नम्र करणारी जागा आहे. २०१४ ते २०२४-२५ असे अकरा हंगाम झाले. साखळीत पहिला आलेला संघच अखेर करंडक घेऊन गेला असं त्यात तीनदाच घडलं: २०१८-१९ मध्ये बंगळुरू, २०२०-२१ मध्ये मुंबई, आणि २०२४-२५ मध्ये मोहन बागान. उरलेल्या आठ वेळा महिनोन् महिने सर्वांत चांगला खेळलेला संघ शेवटच्या दोन पावलांत कुठेतरी अडखळला. २०१४ मध्ये चेन्नई, २०१५ मध्ये गोवा, २०१६ मध्ये मुंबई, २०१७-१८ मध्ये बंगळुरू, २०१९-२० मध्ये पुन्हा गोवा, मग जमशेदपूर, मग मुंबई, मग मोहन बागान. यात गूढ काही नाही. प्रत्येक टप्प्यावर जिंकायची शक्यता शंभरात साठ असली तरी दोन टप्पे ओलांडायची शक्यता छत्तीसच उरते. पहिल्या क्रमांकाचा संघ करंडक हरण्याचीच शक्यता जास्त असते, आणि तरी तोच सर्वांत संभाव्य विजेता असतो. ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. मामाला ती पटवायला मला दहा वर्षं लागली.

त्याच्याकडे मात्र आकड्यांऐवजी रात्री आहेत. २०१६ चा डिसेंबर: साखळीत २३ गुणांनी पहिली आलेली मुंबई कोलकात्यात ३-२ हरली, दिएगो फोरलान तिथे बाहेर काढला गेला, आणि अंधेरीच्या परतीच्या सामन्यात कोलकात्याचे दहाच खेळाडू उरलेले असताना आपल्याला एक गोल करता आला नाही. ०-०. २०२३ चा मार्च: ४६ गुण, ओळीने अठरा सामने अपराजित असा विक्रमी हंगाम, आणि उपांत्य फेरीत अंधेरीत बंगळुरूच्या सुनील छेत्रीच्या हेडरने ०-१. आपल्याच मुंबईकडून २०१५ साली नेरुळला हॅटट्रिक केलेला छेत्री. परतीच्या सामन्यात मेहताब सिंगच्या गोलने मुंबईने २-१ अशी बाजी पलटवली, एकूण २-२, पेनल्टी. आठ-आठपर्यंत कोणी चुकलं नाही. नववी घ्यायला मेहताबच आला. बंगळुरूचा गोलरक्षक गुरप्रीत, त्याने अडवली. संदेश झिंगनने पुढची मारली आणि ९-८.

"त्या रात्री तुझे किती होते?" मामाने विचारलं.

"पहिल्या सामन्याआधी मुंबई सत्तर."

"आणि पेनल्टी चालू झाल्यावर?"

"पन्नास."

"मग नवव्या पेनल्टीला मेहताब येतो, ज्याने गोल करून आपल्याला तिथवर आणलं तोच. त्याचं तोंड टीव्हीवर दिसत होतं. तुझ्या मामीला विचार, मी तेव्हाच बोललो, हा चुकणार."

"आणि आधीच्या आठ जणांची तोंडं बघून काय बोललास?"

"तेव्हाही भीतीच वाटत होती."

"म्हणजे नऊ वेळा भीती वाटली आणि एकदा खरी झाली. ती एकदाची तेवढी लक्षात राहिली. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीतल्या मत्स्यालयात एक ऑक्टोपस होता, पॉल. दोन डब्यांत खाणं ठेवायचे, तो ज्यातलं खाईल तो संघ जिंकणार. आठपैकी आठ बरोबर. नाणं उडवून आठही बरोबर यायची शक्यता दोनशे छप्पनात एक. पण त्या काळात जगभर किती प्राण्यांकडून भाकितं करवली असतील? जे चुकले त्यांची नावं कोणाला आठवतात?"

"ऑक्टोपस खाणं बघून जातो. त्याच्यावर कसली श्रद्धा." मामाला हे फारसं आवडलं नाही, कारण ज्या प्राण्याला आपण जाळ्यातून सोडवून काढतो त्याच्याशी त्याची तुलना झाली होती. पण लगेच त्याने आपलं ठेवणीतलं काढलं. "बरं, २४ एप्रिल २०२४. गोव्यात फातोर्डाला. नव्वदावं मिनिट लागलं तेव्हा गोवा २-० पुढे. तेव्हा तुझे किती?"

"मुंबई हा सामना जिंकण्याचे? शंभरात एकसुद्धा नाही."

"आणि?"

आणि नव्वदाव्या मिनिटाला छांगटे, एक्क्याण्णवाव्याला विक्रम प्रताप, सहाव्या जादा मिनिटाला पुन्हा छांगटे. ३-२. त्या रात्री कोळीवाड्यात कुकरच्या झाकणांवर चमचे वाजले होते. अंधेरीत मग २-० आणि ४ मे रोजी कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१. कमिंग्जने बागानला पुढे नेलं होतं. पेरेरा डियाझने बरोबरी केली, बिपिन सिंगने पुढे नेलं, वोइतुशने शेवटचा मारला.

"एक टक्क्याहून कमी म्हणजे शून्य नव्हे," मी म्हटलं. "ती रात्र त्यातलीच."

"तुझ्यासाठी ती एक टक्का. मी मात्र तेव्हा टीव्हीपुढे बसून होतो, उठलो नाही. बाजूच्या घरात बंद करून जेवायला बसले. टक्केवाला उठून जातो बाय."

हे मला लागलं, कारण खरं होतं. त्या रात्री मी माझ्या घरी होते आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मी भांडी घासायला उठले होते. पाण्याच्या आवाजात मला पहिला गोल ऐकूच आला नाही.

तेवढ्यात गल्लीतली तीन-चार पोरं जेट्टीवर आली. हातात फोन, फोनवर टीम लावायची अ‍ॅपं उघडी. त्यांना माहीत आहे मी असले हिशेब करते. "ताई, छेत्रीला कॅप्टन करू का? परवा मालदीवविरुद्ध गोल मारला." मारला होता खरा. आंतरराष्ट्रीय निवृत्ती मागे घेऊन परतलेल्या छेत्रीने १९ मार्चला शिलाँगमध्ये हेडरने गोल केला होता. त्याच सामन्यात पहिला गोल राहुल भेकेचा, आपल्या मुंबईत वाढलेला आणि आता बंगळुरूकडून खेळणारा. मी पोरांना म्हटलं, पैसे लावणार असाल तर मी काही सांगणार नाही.

ती गेल्यावर मामा म्हणाला, "आकडा म्हटलं की मला मटका आठवतो. न्यूयॉर्कच्या कापसाचा भाव काय निघेल त्यावर इथल्या कामगारांचे पगार गेले. तेव्हाही बोलायचे, हिशेब आहे, अभ्यास आहे. तू बोलतेस साठ. ती पोरं ऐकतात जिंकणार. चाळीस कोणी ऐकत नाही."

या एका बाबतीत मी त्याच्याशी वाद घातला नाही. शक्यता सांगणाऱ्याची जबाबदारी आकडा बरोबर काढण्यापाशी संपत नाही; ऐकणाऱ्याच्या कानात तो काय होऊन पोचतो, तेही पाहावं लागतं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला तेव्हा मला ही पोरंच आठवली. त्यातल्या एकाने त्या हंगामात आईच्या टोपलीतले, पापलेट विकून आलेले पैसे घालवले होते. कायद्याने काय होईल ते होईल, पण त्या पोराला मी एखाद्या सामन्याला कधीतरी साठ सांगितलं असेल, ही रुखरुख माझी मलाच आहे.

साडेसातला आम्ही मामाच्या घरी बसलो. नवव्या मिनिटाला सुरेश वांगजाम. बेचाळिसाव्याला मेंडेझची पेनल्टी. मध्यंतरात मामी पाडव्यासाठी गुढीची काठी धुऊन ठेवत होती, तिने आत डोकावून आमचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता गेली. मग रायन विल्यम्स, मग छेत्री, आणि त्र्याऐंशीव्या मिनिटाला पेरेरा डियाझ, जवळजवळ अकरा महिन्यांपूर्वी ज्याने सॉल्ट लेकवर मुंबईला सामन्यात परत आणलं तोच, आता बंगळुरूच्या निळ्या जर्सीत. ०-५. अठरा दिवसांपूर्वी २-० ने जिंकलेल्या मैदानावर.

मामा शेवटच्या शिट्टीपर्यंत बसून राहिला. मग म्हणाला, "तू बरोबर आलीस."

"नाही आले, मामा. मी साठ म्हटलं होतं. पाच-शून्य माझ्या कागदावर कुठेच नव्हतं. म्हणजे होतं, पण इतकं कोपऱ्यात की मी तिकडे बघितलंही नाही."

"पण बाजू तर बरोबर धरलीस."

"बाजू मी धरलीच नव्हती."

हे बोलून गेल्यावर मला कळलं की आमचा दहा वर्षांचा वाद खरं तर इथे अडकलेला आहे.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला सकाळी गेले. गुढी उभी होती, गाठी, कडुनिंब, तांब्या. मामाच्या घरी स्वयंपाकघरात एका खिळ्याला वर्षानुवर्षांची कालनिर्णयं टांगलेली आहेत, जुन्यावर नवं. मागच्या बाजूच्या पाककृतींसाठी मामी ती फेकू देत नाही. नवं साल म्हणून ती गठ्ठा झटकायला काढत होती, तो मी हातात घेतला. तारखांच्या चौकटींत दुधाचे खाडे, गॅसच्या टाक्या, होडीला रंग दिल्याच्या नोंदी. आणि १३ डिसेंबर २०१६ च्या चौकटीत मामाच्या मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात एक शब्द: मुंबई. मार्च २०१९ मध्ये, गोव्याने अंधेरीत ५-१ हरवल्यानंतरच्या परतीच्या सामन्याच्या चौकटीतसुद्धा: मुंबई. २०२१ मध्ये दोनदा, उपांत्य आणि अंतिम. २०२३. २०२४ मध्ये पुन्हा दोनदा. आणि कालच्या चौकटीत.

मी तिथेच ओट्यापाशी उभी राहून मोजलं. कालचा सोडून सात लढती. मामाचं एकच उत्तर, मुंबई. सातपैकी चार बरोबर. २०२१ मध्ये गोव्याला पेनल्टीवर ६-५ आणि अंतिम सामन्यात बागानला बिपिनच्या नव्वदाव्या मिनिटाच्या गोलवर २-१. २०२४ मध्ये गोवा आणि बागान. मग मी माझ्या बाजूचा सर्वांत साधा नियम लावून पाहिला: साखळीत जो वर तो जिंकणार. २०१६ ला मुंबई वर होती, हरली, चूक. २०१९ ला गोवा वर होता, बरोबर. २०२१ ला मुंबई पहिली होती, दोन्ही बरोबर. २०२३ ला मुंबई पहिली, चूक. २०२४ च्या उपांत्य फेरीत मुंबई गोव्याच्या वर, बरोबर. अंतिम सामन्यात बागान वर, चूक. सातपैकी चार.

दोन्हींचं उत्तर तेच. महिनोन् महिन्यांचे गुण मोजणारा तक्ता आणि डोळे मिटून एकच नाव लिहिणारा माझा मामा, सात लढतींत बरोबरीत. कालच्या सामन्याने तक्ता एकाने पुढे गेला होता, पाच आणि चार.

मी मामाला बाहेरून बोलावून दाखवलं. त्याने चौकटींवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मी काही वाईट नाही."

"नाहीस. पण सातावरून काही ठरत नाही. सत्तर लढती झाल्या तर तक्ता तुला मागे टाकेल."

"सत्तर होईपर्यंत मी असणार नाही बाय." तो सहज म्हणाला, भरतीची वेळ सांगावी तसा. "आणि मी हे भाकीत म्हणून लिहिलेलंच नाही. होडीवर नाव घालतो तसं लिहिलं. होडीवर नाव घालताना ती बुडणार की नाही याचा हिशेब करतो का कोणी?"

"मग मी विचारलं की मुंबई दोन-एक असं कशाला सांगतोस?"

"तू विचारतेस म्हणून. तुला आवडतं म्हणून."

मला वाटत होतं मी इतकी वर्षं त्याचं चुकीचं भाकीत दुरुस्त करते आहे. तो भाकीत करतच नव्हता. आणि मी, जी मुंबईच्या प्रत्येक गोलला उड्या मारत आले, कुठल्याच चौकटीत मुंबईचं नाव लिहिलं नव्हतं. माझ्या वहीत होते ते नुसते टक्के. हिशेब करणाऱ्याने बाजू घेऊ नये हे मी कामावर शिकले, आणि ते तिथे बरोबरच आहे. घरी तो नियम कोणी घालून दिला नव्हता.

उपांत्य फेरीचे चार सामने मामाने अर्धवट लक्ष देऊन पाहिले. बंगळुरूने गोव्याला एकूण ३-२ असं काढलं, तेही छेत्रीच्या अखेरच्या क्षणीच्या हेडरने. जमशेदपूरने पहिला सामना जिंकून बागानला घाम फोडला आणि परतीच्या सामन्यात जादा वेळेच्या उंबरठ्यावर आपुइयाच्या गोलने बागान सुटला. एप्रिलच्या या चौकटी कोऱ्या राहिल्या. "कोणाचं नाव लिहू?" तो म्हणाला.

१२ एप्रिलला शनिवार होता, हनुमान जयंती, चैत्री पौर्णिमा. सॉल्ट लेकवर अंतिम सामना, बागान विरुद्ध बंगळुरू. मी प्रसादाचा शिरा घेऊन गेले तर मामा टीव्हीसमोर तयार होता, कालनिर्णय खिळ्यावरून उतरवून मांडीवर.

"किती?" त्याने विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने विचारलं.

"बागान साठ. बंगळुरू चाळीस."

"भेके कुठल्या बाजूला?"

"बंगळुरू."

त्याने पेन घेतलं आणि बाराच्या चौकटीत लिहिलं: ४०.

एकोणपन्नासाव्या मिनिटाला बागानच्याच बचावपटूच्या पायाला लागून चेंडू आत गेला आणि बंगळुरू पुढे. मामा गुडघ्यावर थाप मारून उठला. मीही उठले, त्या क्षणी मला कळलं की मीही चाळीसाच्या बाजूला आहे. बहात्तराव्या मिनिटाला कमिंग्जने पेनल्टीवर बरोबरी केली. जादा वेळेत शहाण्णवाव्या मिनिटाला जेमी मॅकलारेन. २-१. त्या हंगामात ५६ गुणांनी पहिला आलेला बागान करंडकही घेऊन गेला, अकरा हंगामांतला तिसरा.

मामाने चौकटीतला आकडा खोडला नाही. कालनिर्णय परत खिळ्याला लावलं, टॉर्च घेतली. "पुनव आहे. पंधराची पाऊणपट. पाणी चढायला लागलं असेल, होडीचे दोर बघून येतो."

मी त्याच्यामागे जेट्टीपर्यंत गेले. सव्वादहा वाजले होते. पंधरवड्यापूर्वी जिथे निवट्या होत्या तिथे काळं पाणी हलत होतं, कलंडलेल्या होड्या सरळ उभ्या राहिल्या होत्या. मामाने टॉर्च माझ्या हातात दिली आणि वाकून दोराची गाठ सोडली, हातभर सैल केली, पुन्हा बांधली. दुसरी होडी शेजाऱ्याची होती. तिचाही दोर त्याने हातात घेऊन पाहिला.